जहाजावरची सहल : तपासणी दोघांची हवी

शरद ऋतू लागला, पाऊस उघडला, बाजरीची काढणी उरकली की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत पंढरपूर, काशी, अष्टविनायक असे असत. आता मुलेबाळे परदेशी गेली आहेत आणि आईवडिलांना ‘एकदा तरी या’ म्हणून तिकिटे पाठवीत आहेत. त्यामुळे नेवासे तालुक्यातल्या, शंभर एकर उसातही कधी समुद्राची गाज न ऐकलेल्या घरांतून आता थेट सागरी सफरीची तयारी होऊ लागली आहे. शिंगणापूरहून मुंबई रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या भागातल्या पुष्कळ लोकांचे पाण्यावरचे प्रवास म्हणजे मुळा धरणातली नाव किंवा गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच, एवढेच. साहजिकच जहाजावर जाताना काय काळजी घ्यावी, हे सांगणारे घरात वडीलधारे कोणी नसते.

कोकणी माणसाला हे सांगावे लागत नसे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोटी जात. पावसाळ्यात त्या बंद असत आणि समुद्र निवळला की पुन्हा सुरू होत. बोट लागते म्हणजे काय, पोट रिकामे ठेवावे की भरलेले, कोणत्या जागी पथारी टाकावी, याचे शहाणपण तिथल्या घराघरांत होते. त्या बोटी गेल्या, त्याबरोबर ते शहाणपणही मागे पडले. 2018 साली ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज मुंबई–गोवा मार्गावर आले, तेव्हा या सफरीची हौस घाटावरच्या लोकांनाही वाटू लागली. आता तर नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत मजल गेली आहे. आजचा लेख त्याच सफरीच्या निमित्ताने लिहीत आहे.

उत्तरेकडचा तो किनारा

नॉर्वे हा युरोपच्या अगदी उत्तरेचा देश. त्याच्या पश्चिमेकडील बर्गन या बंदरातून एक बोट दररोज निघते आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर वर जात, उत्तर ध्रुववृत्त ओलांडून, रशियाच्या हद्दीजवळच्या किर्केनेस या गावी पोहोचते. वाटेत ती 34 बंदरे घेते. जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. ही सेवा 1893 साली रिचर्ड विथ या कप्तानाने ‘वेस्टेरोलेन’ नावाच्या आगबोटीने सुरू केली. त्या काळी उत्तरेकडच्या गावांना टपाल, माल आणि माणसे पोहोचविण्याचा हाच भरवशाचा मार्ग होता. आजही या बोटी पर्यटकांबरोबर माल आणि गावोगावचे उतारू नेतात. म्हणजे आपल्या जुन्या कोकण बोटीचीच ही थंड प्रदेशातली बहीण म्हणा ना.

पाच-पाच हजार माणसे मावणाऱ्या तरंगत्या शहरांच्या मानाने ही बोट लहान. गर्दी कमी, किनारा सतत नजरेसमोर, आणि शरद ऋतूत रात्री आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशाचे ते प्रसिद्ध हिरवे पडदे दिसण्याची शक्यता. वयस्कर जोडप्यांना ही सफर आवडते यात नवल नाही. परंतु वैद्यकीय दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे, मोठ्या क्रूझवर दवाखाना, डॉक्टर, परिचारिका असतात. या किनारी बोटींवर मात्र डॉक्टर नसतो. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण दिलेले असते आणि बोट वरचेवर बंदराला लागत असल्याने आजाऱ्याला पुढच्या बंदरावर उतरवून इस्पितळात पाठवितात. दुसरी गोष्ट, शरद ऋतू हा तिकडे वादळांचा ऋतू. बराच मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, पण स्टाडचे टोक, हुस्टाडविका, फोल्डा, आणि लोफोटेन बेटांकडे जाताना लागणारे वेस्टफ्योर्ड हे पट्टे उघड्या समुद्राचे आहेत. तेथे बोट हलते, आणि वारा असला तर चांगलीच हलते.

याचा अर्थ सरळ आहे. बंदर सोडल्यापासून पुढचे बंदर येईपर्यंत आपले इस्पितळ म्हणजे आपली औषधांची पिशवी, आणि आपला डॉक्टर म्हणजे आपला जोडीदार. म्हणून पिशवीही तयार हवी आणि जोडीदारही धडधाकट हवा. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. त्याविषयी अनुभवाचे बोल सांगतो.

‘मला काय झालंय?’

आमच्या पंचक्रोशीतले एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे, मात्र नावगाव सांगत नाही. गुरुजींचे वय 68, त्यांच्या पत्नीचे 63. मुलगा जर्मनीत नोकरीला. त्याने ऑक्टोबरच्या मध्यावर बर्गनहून निघणाऱ्या बोटीची दोघांची तिकिटे काढली. जुलै महिन्यात दोघे माझ्याकडे आले. गुरुजींना चौदा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाब, आणि अलीकडे प्रोस्टेटचा त्रास. त्यांचे नियमित उपचार नगरच्या तज्ज्ञांकडे चालू. फाईल कशी असावी याचा नमुना म्हणावी अशी त्यांची फाईल होती. साखरेचे आकडे, कार्डिओग्राम, डोळ्यांची तपासणी, सारे तारीखवार लावलेले. ती फाईल काकूंच्या हातातल्या पिशवीत होती. काकू मागे बाकावर बसल्या होत्या.

गुरुजींना तपासून झाल्यावर मी म्हणालो, “काकू, आता तुम्ही या.”

“मला काय झालंय डॉक्टरसाहेब? ह्यांचंच नीट बघा. मी आपली ह्यांच्या सोबतीला.”

“सोबतीला म्हणूनच बघायचंय. तिकडं समुद्रात गुरुजींना काही झालं तर धावपळ कोण करणार?”

एवढे म्हटल्यावर त्या उठल्या. रक्तदाब भरला 168/98. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. विचारता विचारता कळले की दोन वर्षांपासून गुडघे दुखतात, म्हणून त्या एका ओळखीच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. जिना चढताना दम लागे, तो वयाचा म्हणून सोडून दिला होता. छातीखाली जळजळे, ती तिखटाने होते असे ठरविले होते. आणि मधूनमधून शौचाला डांबरासारखे काळे होई, ते तर कोणाला सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. रक्त तपासले, हिमोग्लोबिन 8.1 निघाले. (स्त्रियांमध्ये ते 12 च्या वर असावे.)

नगरला पाठवून दुर्बिणीतून जठराची तपासणी करविली. जठरात व्रण होता आणि त्यातून थोडे थोडे रक्त झिरपत होते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या की जठराच्या अस्तराला असे व्रण पडू शकतात. याच गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठून रक्तदाबही वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. एका गोळीने तीन दुखणी, आणि तिन्ही मुकी!

वाचकहो, क्षणभर विचार करा. हा व्रण जुलैत सापडला म्हणून ठीक. तो वेस्टफ्योर्डच्या हेलकाव्यांत, उलट्या होत असताना फुटला असता तर? रक्ताची उलटी झालेली पत्नी, शेजारी मधुमेही नवरा, भाषा परकी, डॉक्टर पुढच्या बंदरावर. सुदैवाने हाताशी तीन महिने होते. वेदनाशामक बंद केले, जठरातील आम्ल कमी करणारे औषध दिले, व्रणाला कारण ठरणाऱ्या जंतूंसाठी प्रतिजैविकांचा कोर्स झाला, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, रक्तदाबाचे औषध बसविले, गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरजेपुरते पॅरासिटेमॉल सांगितले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन 11.2 आणि रक्तदाब 136/84 होता. तज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखविला आणि दोघे गेले.

सांगायचा मुद्दा असा की फाईल गुरुजींची जाड होती, पण धोका काकूंच्या पोटात होता. ज्याचा आजार घरात ठाऊक असतो, त्याची काळजी सगळे घेतात. ज्याचा आजार ठाऊक नसतो, तो प्रवासात दगा देतो. आपल्याकडे अशी माहीत नसलेली दुखणी बहुधा घरातल्या बाईच्या अंगात असतात, कारण तिला तपासायचे असते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तिच्याही नाही.

प्रवासाच्या तीन महिने आधी

वरील उदाहरणात तीन महिने मिळाले म्हणून सारे निभावले. म्हणून माझा आग्रह असा की तिकिटे काढली त्याच आठवड्यात दोघांनी तपासणी करून घ्यावी. निघायच्या आदल्या दिवशी ‘फिट’चा दाखला मागायला येण्याने काही साधत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही त्रास असो वा नसो, पुढील गोष्टी पाहाव्यात : रक्तदाब, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, मूत्रपिंडाचे काम दाखविणारे क्रिएटिनिन, लघवीची साधी तपासणी आणि कार्डिओग्राम. यांत महागडे असे काही नाही आणि हे सारे तालुक्याच्या गावी होते.

दातांकडे पाहायला विसरू नये. किडलेली दाढ नेमकी परमुलखात ठणकते. उत्तरेकडे शरदात फ्लूची साथ सुरू होते, म्हणून साठीपुढच्यांनी व मधुमेहींनी फ्लूची लस निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी घेतलेली बरी. बुटांचीही तयारी आधीच करावी. थंडीचे जाड बूट नवेकोरे घालून निघाले की टाच सोलते. मधुमेहात पायाची संवेदना कमी असेल तर ते सोलणे कळतही नाही आणि पुढे जखम चिघळते. महिनाभर आधीपासून ते बूट रोज तास-दोन तास घरात घालून फिरावे. रोज रात्री तळपाय आरशात पाहण्याची सवय करावी. पाय गार पडले म्हणून ते हीटरला किंवा गरम पिशवीला लावू नयेत, भाजल्याचे समजत नाही.

बोट लागणे

गाडी लागते तशीच बोट लागते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे एक नाजूक यंत्र आहे. खोलीत बसलेले असताना डोळे मेंदूला सांगतात की सारे स्थिर आहे, आणि कान सांगतो की सारे हलते आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो, मळमळते, तोंडाला पाणी सुटते, घाम येतो आणि उलटी होते. हा काही मनाचा दुबळेपणा नव्हे. मुरलेल्या दर्यावर्दींनाही तो होतो.

उपायही याच कारणातून निघतात. बोटीचा मधला आणि खालचा भाग सर्वांत कमी हलतो, म्हणून तिकीट काढतानाच तिथली खोली मागावी. हलू लागले की वाचन बंद करावे, मोकळ्या हवेत जाऊन दूर क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळते. ते जमत नसेल तर डोळे मिटून आडवे व्हावे. पोट अगदी रिकामेही ठेवू नये आणि तडसही लावू नये. कोरडी पोळी, बिस्किटे, उकडलेला बटाटा असे थोडे थोडे खावे. तळलेले, फार तिखट आणि मद्य वर्ज्य. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. आलेपाक मात्र साखरेचा असतो, हे मधुमेहींनी विसरू नये.

गोळ्या आहेत, पण त्या मळमळ सुरू होण्यापूर्वी निदान तासभर आधी घ्यायच्या असतात. आणि येथेच एक मोठी मेख आहे. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रोमेथझिनने, झोप येते, तोंड कोरडे पडते आणि लघवी अडू शकते. आमच्या गुरुजींनी मित्राच्या सांगण्यावरून अशा गोळ्यांची दोन पाकिटे घेऊन ठेवलीच होती! प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला अशा गोळीने लघवी पूर्ण तुंबू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढू शकतो. शिवाय म्हाताऱ्या माणसाला गुंगी आणि हलती जमीन या दोन्ही गोष्टी एकदम म्हणजे पडण्याला आमंत्रण. म्हणून शेजाऱ्याला चालली ती गोळी आपल्याला चालेलच असे नाही. आपले आजार सांगून डॉक्टरांकडून गोळी ठरवून घ्यावी आणि घरी असतानाच एकदा घेऊन पाहावी, म्हणजे ती कितपत मानवते ते कळते.

आपल्याला बोट लागते की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती सांगतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसुद्धा नेणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू झालेली आहे. मुंबईला व्हिसाच्या कामासाठी जाणे झालेच तर तिच्यातून एक फेरी मारून यावे. खाडीतला तो तासाभराचा प्रवास म्हणजे उघडा समुद्र नव्हे, पण तेवढ्यातच ज्याला मळमळले त्याने पुढची तयारी नीट करावी.

उलट्या, उपवास आणि नेहमीची औषधे

उलट्या-जुलाब सुरू झाले की घरी ज्या औषधांनी आपण धडधाकट राहतो तीच औषधे उलटू शकतात. हे फार थोड्यांना माहीत असते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी साखर उतरविते. गोळी घेतली आणि खाल्लेले सारे उलटून पडले, तर साखर धोक्याइतकी खाली जाते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, बडबड, आणि शेवटी बेशुद्धी. हेलकाव्यांत याला ‘बोटच लागली असेल’ असे समजण्याची चूक होते. म्हणून ग्लुकोमीटर सोबत हवा आणि शंका आली की आधी साखर पाहावी. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे अंगातले पाणी कमी झाले असता सहसा तात्पुरती थांबवावी लागतात. शेवटच्या दोन औषधांत तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. याउलट इन्शुलिन घेणाऱ्याने आजारपणात ते आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये. रक्तदाबाची काही औषधे, लघवी साफ करणारी गोळी, आणि त्यात भर म्हणून वेदनाशामक, हे त्रिकूट उलट्या-जुलाब चालू असताना मूत्रपिंडांना फार जड जाते. तेव्हा ‘उलट्या लागल्या तर यांतली कोणती गोळी थांबवू, कोणती चालू ठेवू?’ हा प्रश्न निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

जलसंजीवनीची पाकिटे सोबत असू द्यावीत. घोट घोट घ्यावे. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली असेल, शौचाला डांबरासारखे काळे होत असेल तर वाट न पाहता कर्मचाऱ्यांना सांगावे. (लोहाच्या गोळ्या चालू असताना शौचाचा रंग काळपट होतो, तो प्रकार वेगळा. पण चिकट, डांबरासारखे, वाईट वासाचे असेल तर ते रक्त समजावे.)

आणि उपवास. शिंगणापूरचा माणूस शनिवार मोडत नाही हे मी इथला रहिवासी म्हणून जाणतो. गुरुजींचाही चाळीस वर्षांचा शनिवार. त्यांना मी एवढेच म्हणालो, “गुरुजी, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन, हलत्या बोटीवर, कडक उपवास नको. परत आल्यावर करा.” त्यांनी ते मानले. देवदर्शनाला पोहोचायचे तर शरीरच लागते. प्रवासापुरती सवलत घेतली म्हणून श्रद्धेत उणे येत नाही.

पाणी कमी पिण्याची खोड

ही खोड विशेषतः स्त्रियांची. प्रवासात ‘कुठे जायचे’ या संकोचाने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एस.टी.च्या काळात त्याला कारण होते, आणि अजूनही रस्त्यावर पुरेशी सोय नाही हे खरेच. परंतु विमानात आणि बोटीच्या खोलीत स्वच्छतागृह असते. पाणी कमी पडल्याने लघवीची जळजळ, मूतखडा, चक्कर आणि बद्धकोष्ठ होते. विमानात तासन्‌तास एका जागी बसण्याने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा जो धोका असतो, त्यावर उपाय म्हणजे तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकणे आणि बसल्या जागी घोटे हलविणे. पाणी पुरेसे प्यालात तर उठणे आपोआप होते.

हात धुण्याबद्दलही एक शब्द. बोटीवर पुष्कळ माणसे एकाच ठिकाणी जेवतात. नोरोव्हायरस नावाच्या विषाणूने होणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या साथी जहाजांवर येतात. या विषाणूवर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो. साबण आणि पाणी यांनीच नीट हात धुवावेत.

पडू नका

जहाजावर सर्वांत टाळता येण्याजोगी इजा म्हणजे पडणे. शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, नुसत्या चौकटी. जहाजावरचा प्रकार नेमका उलटा. बाहेर डेकवर जाणारी दारे जड असतात, त्यांना उंच उंबरा असतो आणि वाऱ्याने दार आपटून बोटे चेंगरतात. उंबरा पाहून पाय उचलावा, दाराच्या कडेला बोटे ठेवू नयेत, आणि चालताना एक हात कायम कठड्याला असू द्यावा. लुगडे किंवा साडी असेल तर घोट्याच्या वर. किनाऱ्यावर उतरताना उत्तरेकडे ऑक्टोबरातही जमीन ओली, कधी बर्फाने निसरडी असते. तळव्याला पकड असलेले बूट हवेत.

रात्री लघवीला उठणाऱ्या पुरुषांनी विशेष जपावे. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी दिवा लावावा, मिनिटभर पलंगाच्या काठावर बसावे, मग उठावे.

निघतानाच जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत आणि घंटा झाल्यावर कोठे जमायचे हे दाखवितात. त्या वेळी गप्पा मारू नयेत. आपल्याला हे शहाणपण फार महाग पडून मिळाले आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून निष्पाप प्रवासी दगावले. जाकीट अंगावर असले तर वाचण्याची आशा राहते.

कंबरेची पिशवी

23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या त्याच हुस्टाडविका पट्ट्यात ‘वायकिंग स्काय’ या क्रूझ जहाजाची इंजिने वादळात बंद पडली. चौदाशेच्या आसपास माणसे जहाजावर होती आणि त्यांतल्या साडेचारशेहून अधिकांना हेलिकॉप्टरने दोरावर वर उचलून बाहेर काढावे लागले. जहाज शेवटी बंदराला लागले, जीवितहानी झाली नाही. अशा वेळी खोलीत जाऊन बॅग शोधता येत नाही. म्हणून दोघांच्याही कंबरेला एकेक लहान पिशवी असावी आणि तिच्यात दोन-तीन दिवसांच्या गोळ्या, चार साखरेच्या पुड्या, चष्मा आणि एक कार्ड.

या कार्डावर इंग्रजीतून आपले आजार, औषधांची कंपनीची नव्हे तर मूळ नावे व मात्रा, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि घरच्यांचा फोन लिहिलेला असावा. हृदयविकार असेल तर जुन्या कार्डिओग्रामची प्रत जोडावी. आणि महत्त्वाचे म्हणजे नवऱ्याच्या पिशवीत बायकोचेही कार्ड, बायकोच्या पिशवीत नवऱ्याचेही. एकमेकांच्या गोळ्या कोणत्या, कशासाठी, केव्हा, हे दोघांना तोंडपाठ हवे. गुरुजींची साखर उतरली तर काय करायचे हे काकूंना येत होते. काकूंना कोणती गोळी चालत नाही हे गुरुजींना माहीत नव्हते. ते मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

बाकीची औषधे, इन्शुलिनसह, विमानात हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्शुलिन गोठले की निकामी होते, म्हणून थंडीत बाहेर पडताना ते कोटाच्या आतल्या खिशात असावे. गोळ्या मूळ पाकिटांतच असाव्यात, डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली असावी आणि परतीला उशीर झालाच तर म्हणून आठवडाभराचा जादा साठा असावा. नॉर्वेचे घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्या साडेतीन तास मागे आणि त्यानंतर साडेचार तास मागे असते. इन्शुलिनच्या वेळा त्याप्रमाणे आधीच ठरवून घ्याव्यात.

नॉर्वेला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तो काढताना आधीचे आजार लपवू नयेत. हप्ता थोडा वाढेल, पण लपविलेल्या आजारावर पुढे खर्च नाकारला गेला तर तिकडच्या इस्पितळाचे बिल आपल्या आवाक्याबाहेरचे असते. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी नॉर्वेत 113 हा क्रमांक आहे. बोटीवर असताना मात्र आधी बोटीच्या कर्मचाऱ्यांना सांगावे. आणि छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम असे झाले तर ते ‘गॅस’ समजून रात्र काढू नये.

हे नियम सगळ्यांचे

नॉर्वेची बोट आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला येणार, असे काही वाचक म्हणतील. खरे आहे. पण वर लिहिलेल्यातले बहुतेक सारे नर्मदा परिक्रमेला, चारधामला, काशीला, एवढेच काय पंढरीच्या वारीलाही लागू आहे. डॉक्टर दूर, रस्ता परका, खाणे-झोपणे बदललेले, आणि सोबत फक्त जोडीदार, ही परिस्थिती केदारच्या वाटेवर आणि ध्रुववृत्ताच्या वर सारखीच असते.

तेव्हा येत्या हंगामात जे कोणी दोघे मिळून निघणार असतील, त्यांनी तपासणीलाही दोघांनी यावे. एकाने तपासणीच्या टेबलावर झोपायचे आणि दुसरीने पिशवी धरून बाकावर बसायचे, ही पद्धत आता पुरे झाली. आणि बायकांना माझे सांगणे आहे की ‘मला काय झालंय?’ हा प्रश्न जरूर विचारा, फक्त तो डॉक्टरांसमोर बसून विचारा, आणि रक्तदाबाचे यंत्र हाताला बांधून उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

प्रवास सुखाचा होवो.